मिस टास्कर यांची गाळलेली वाक्यं

१७ जानेवारी १९८४, मंगळवार

आज पुन्हा! दुसरा अंक, पान एकेचाळीस. मिस टास्करनी तीन वाक्यं खाल्ली आणि सरळ चौथ्यावर उडी मारली. माझं बोट संहितेवर होतं आणि बोटाखालचं वाक्य आलंच नाही.  प्रयोगात मी विंगेतून शब्द देऊ शकत नाही. इथे न्यूयॉर्कच्या नाटकांत कोणीच देत नाही. नट उजेडात गेला की त्याचा तो.

प्रेक्षकांना काही कळलं नाही. मला कळतं, कारण कळणं हेच स्टेज मॅनेजरचं काम. प्रयोगाच्या रिपोर्टात लिहिलं: ‘पान ४१. एन. टी. यांनी तीन वाक्यं गाळली.’ सकाळी तो निर्मात्याच्या, बर्नी ग्रोसच्या टेबलावर असेल. आठ दिवसांत ही पाचवी नोंद. टाइप करताना हात अडखळला, हेही इथे लिहून ठेवते.

१८ जानेवारी, बुधवार

दोन प्रयोग. दुपारच्यात ठीक. संध्याकाळी पान बावन्नवर एक भलतंच वाक्य मिस टास्करनी मनाने घातलं. लिहिलं.

२० जानेवारी, शुक्रवार

मी खरंच चुका पाहते आहे, की शोधते आहे? हा प्रश्न आज दिवसभर छळतोय.

आईचं असंच सुरू झालं होतं. आधी गोष्टीतला मधला भाग जायचा. मग शेजारणीचं नाव. गेल्या वर्षी स्क्रँटनला जाऊन मी तिच्या शेगडीची बटणं काढली, पिशवीत घातली आणि घेऊन आले. ती गॅस उघडा ठेवेल म्हणून, डॉक्टरच म्हणाले होते. ती दारात उभी राहून म्हणाली, “मग मी आता करू काय?” त्यानंतर ती फार भराभर गेली. म्हणजे मेली नाही. आहे. फोनवर मला ‘बाई’ म्हणते.

तेव्हा माझे डोळे निर्मळ आहेत असं मी म्हणू शकत नाही. पण पान एकेचाळीसवरची तीन वाक्यं गेली, हे काही माझ्या डोळ्यांनी केलेलं नाही.

२१ जानेवारी, शनिवार

दोन प्रयोगांच्या मध्ये मिस टास्करच्या खोलीत गेले. निमित्त काढलं होतं शालीच्या टाक्याचं. खरं म्हणजे पारखायला गेले होते. लाज वाटते.

त्या सूप पीत होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मान ताठ. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, फक्त त्यांना ‘मिस टास्कर’. मी जुन्या गोष्टी विचारल्या. तारखा अडखळतात का बघायचं होतं. एकही अडखळली नाही! पंधराव्या वर्षी कॅन्ससमध्ये तंबूत नाटकं करणाऱ्या फिरत्या कंपनीत शिरल्या. एकोणिसाव्या वर्षी केसांना मक्याचं पीठ फासून आज्या करायच्या. “आठवड्याला सहा नाटकं, पोरी. दर रात्री वेगळं. सोमवारी मी खुनी, मंगळवारी त्याच खुन्याची आई.” मग न्यूयॉर्क. पहिलं काम मोलकरणीचं, एकच वाक्य — “डॉक्टर आलेत, बाईसाहेब.” ते एक वाक्य त्यांनी दोनशे अकरा वेळा म्हटलं.

“कंटाळा नाही आला?”

“डॉक्टर रोज वेगळ्या कारणासाठी यायचा. मी ठरवायची. एकदा तर बाईसाहेबांवर डोळा होता म्हणून आला.”

त्या हसल्या. मीही हसले. आणि मनात म्हणत होते — जुनं आठवतंच. आईलाही जुनं सगळं आठवत होतं.

२४ जानेवारी, मंगळवार

आजचं नीट लिहिते.

नाटकात दोनच माणसं. बहीण रोवेना आणि भाऊ इझ्रा. तीस वर्षांचा अबोला, आणि हिमवादळात एका घरात अडकलेले. इझ्रा म्हणजे अँब्रोज केली, वय ऐंशी. ‘मिस्टर केली’ म्हटलं तर तो मागे वळून बघतो, कोण आलं म्हणून. पान एकेचाळीसवर इझ्रा कबूल करतो की बहिणीची पत्रं त्याने जाळली. सगळं नाटक तिथे टेकलंय.

माझं टेबल डाव्या विंगेत. इझ्राची खुर्ची माझ्याकडे पाठ करून. अँब्रोजचं टक्कल आणि खुर्चीच्या हातावर टेकलेला एक हात, एवढंच मला दिसतं. मिस टास्करचा चेहरा मात्र पूर्ण समोर. आज त्या चेहऱ्यावर मी भीती पाहिली. अभिनयातली नव्हे. अभिनयातली भीती त्या घशातून आणतात. ही डोळ्यांत होती, उघडी. पाच सेकंद. सहा. मग त्याने कबूल करण्याआधीच त्या बोलल्या, “तू माझी पत्रं जाळलीस ना, इझ्रा?” संहितेत हे वाक्य नाही. अँब्रोज म्हणाला, “हो.” गाडी पुढे गेली.

मला घाम फुटला होता. जानेवारीत, विंगेत, जिथे आम्ही सगळे स्वेटर घालून असतो.

लिहिलं: ‘एन. टी. यांनी पान ४१ वर मनाचं वाक्य घातलं, ए. के. यांचं पाच ओळींचं भाषण त्यामुळे गेलं.’

२५ जानेवारी, बुधवार

जिन्यात अँब्रोज मिस टास्करची थट्टा करत होता; त्यांना ‘नोरा’ म्हणणारा तो एकटाच. “नोरा, तू काल मला बोलूच दिलं नाहीस! ऐंशीचा झालो, अजून बायका माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीत.”

मिस टास्कर म्हणाल्या, “तुझी वाक्यं माझ्यापेक्षा चांगली आहेत. हेवा वाटतो मला.”

सगळे हसले. मला त्यांची दया आली. किती सफाईने झाकतात!

मग अँब्रोज माझ्याकडे वळला. “डेला, तुझं तोंड असं का? कोणी गेलं का? मी तर अजून आहे.”

२९ जानेवारी, रविवार

 पहाटे स्वप्नात मिस टास्कर उजेडात उभ्या होत्या आणि मला विचारत होत्या, “मग मी आता करू काय?”

१ फेब्रुवारी, बुधवार

बर्नीने बोलावलं. माझे रिपोर्ट एकाखाली एक मांडून ठेवले होते.

“एकवीस वेळा, डेला. म्हातारीला झालंय काय?”

“मी डॉक्टर नाही.”

“तुझी आई...”

“म्हणूनच म्हणते, मी डॉक्टर नाही.”

तो म्हणाला, “तू एकोणीस वर्षांत एक अक्षर खोटं लिहिलेलं नाहीस. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर फाडून टाकलं असतं.” मग खिडकीकडे बघत म्हणाला, “एखाद्या दिवशी ती तिथे थिजली, आणि समोर हजार माणसं बसलेली असली, तर? ते मी तिच्या बाबतीत होऊ देणार नाही.”

तो दुष्ट नाही. तेच वाईट आहे. मला तरी दुसरं काय सुचत होतं? ‘थांब’ म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. कारण मलाही तीच भीती.

८ फेब्रुवारी, बुधवार

आठवडाभरात आणखी सहा नोंदी.

११ फेब्रुवारी, शनिवार

ठरलं. पुढच्या रविवारपासून मिस टास्करना ‘विश्रांती’. दोन आठवडे म्हणतात. त्यांची बदली नटी लोइस हॅगर्टी उभी राहील. दोन आठवड्यांनी नाटकाचे जेमतेम वीस दिवस उरतात. परत कोण बोलावतंय! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी विश्रांती म्हणजे काय, ते बर्नीलाही कळतं.

त्यांना सांगताना त्याने मला शेजारी उभं केलं. मिस टास्करनी चष्मा लावला आणि माझे सगळे रिपोर्ट वाचले. पानं उलटताना घाई नाही. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “सगळं बरोबर लिहिलंय. डेलाची नोंद चुकत नाही.”

त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चष्मा काढून एवढंच विचारलं, “लोइसबरोबर अँब्रोजच्या तालमी किती?”

“एक,” बर्नी म्हणाला.

“चार ठेव.”

“तिला सगळं पाठ आहे, मिस टास्कर.”

“तिला आहे,” त्या म्हणाल्या, आणि कोट घालायला लागल्या.

मी बाही धरायला पुढे झाले. त्यांनी धरू दिली. त्यांचा हात लाकडासारखा ताठ होता.

१२ फेब्रुवारी, रविवार

एक्कावन्न साली मिस टास्करना कम्युनिस्ट शोधणाऱ्या सरकारी समितीपुढे बोलावलं होतं. सोबतच्या नटांची नावं सांगायला त्यांनी नकार दिला. आठ वर्षं काम नाही. फिलाडेल्फियात एका दुकानात हातमोजे विकले. एक बाई हातमोजे घालून बघत म्हणाली होती, “तुम्ही अगदी त्या नटीसारख्या दिसता. मेली ना ती?” या म्हणाल्या, “साडेसहाचं माप बसेल तुम्हाला.”

हे मला अँब्रोजने सांगितलं, गेल्या महिन्यात. आज आठवलं. त्या आठ वर्षांनी जे केलं नाही, ते मी सत्तावीस नोंदींत केलं.

पण नोंदी खऱ्या आहेत! खऱ्या नोंदी लिहून मी काय वेगळं करायला हवं होतं? कोणाला विचारू? रोजनिशी उत्तर देत नाही.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

एकुलती तालीम झाली. लोइसचं एक अक्षर चुकलं नाही. अँब्रोज थकलेला. दोनदा हातात संहिता घेतली. “सवय मोडलीय,” म्हणाला. मी लक्ष दिलं नाही. माझं लक्ष लोइसवर होतं.

१९ फेब्रुवारी, रविवार

 लिहिलं पाहिजे.

दुपारचा प्रयोग. कार्यक्रमपत्रिकेत पांढरी चिठ्ठी: ‘आजच्या प्रयोगात रोवेनाची भूमिका लोइस हॅगर्टी करतील.’ चिठ्ठी वाचून दोन बायका उठून गेल्या. बाकी बसले. पहिला अंक पार पडला. मी मनात म्हटलं — सुटलो.

पान एकेचाळीस. लोइस थांबली. थांबायलाच हवं. पुढचं वाक्य इझ्राचं आहे. अँब्रोजचं टक्कल हललं नाही. खुर्चीच्या हातावरची बोटं उघडत होती, मिटत होती. दहा सेकंद. पंधरा. लोइस त्याच्याकडे बघत होती, शांत, शिकलेल्या नटीसारखी, त्याच्या वाक्याची वाट बघत. तिने वाक्य खाल्लं नाही. पुढे उडी मारली नाही. पदरचं काही घातलं नाही. पुस्तकाप्रमाणे अगदी बरोबर!

वीस. पंचवीस. मग अँब्रोज खुर्चीत वळला. पहिल्यांदाच मला त्याचा चेहरा दिसला. तो विंगेत शोधत होता. मला नव्हे. म्हणाला, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा, “नोरा?”

मी पडदा पाडला.

त्या सत्तावीस नोंदी. देवा! मी पाठीमागून पाहत होते.

२० फेब्रुवारी, सोमवार

सुट्टी. सकाळी संहिता घेऊन बसले. सगळ्या नोंदी काढल्या. पान ४१, पान ५२, पान ३३, पुन्हा ४१. प्रत्येक ठिकाणी गाळलेल्या ओळींत पहिली ओळ अँब्रोजची. प्रत्येक! तो अडकायचा. त्या थांबायच्या, जितकं थांबणं शक्य तितकं. मग त्याचं लांब भाषण मोडून त्याचा प्रश्न करायच्या आणि त्याच्यासाठी फक्त ‘हो’ उरवायच्या. किंवा त्याला ओलांडून पलीकडे जायच्या आणि तिथून हात द्यायच्या. पुस्तकाच्या हिशेबाने वाक्य गाळणारा दोषी. मी पुस्तकाचा हिशेब लावला.

सकाळीच बर्नीचा फोन येऊन गेला होता. रविवारचा रिपोर्ट उद्या सकाळी हवा. “मला एकच सांग. लोइसने घोळ घातला, की अँब्रोज संपला? लोइस असेल तर तिला काढतो आणि म्हातारीला परत आणून दोन दिवस बघतो. अँब्रोज असेल तर नाटक बंद. तू लिहिशील ते.”

नंतर लोइसचा. रडत नव्हती, त्यामुळे जास्त लागलं. “अकरा वर्षं मी इतरांच्या आजारपणाची वाट पाहत बसले, डेला. आणि माझा एक शब्द चुकला नाही. तू पाहिलंस ना?”

“पाहिलं,” मी म्हटलं.

दुपारी मिस टास्करच्या घरी गेले. चौथा मजला, जिना. दारातच म्हणाल्या, “कोट काढू नकोस, हीटर बंद पडलाय.” चहा केला. टोस्ट दिला. मी खाऊ शकले नाही.

“तुम्ही सांगितलं का नाही?”

“तू लिहिलं असतंस.”

मी टोस्ट बाजूला सरकवला.

“तो विसरतो म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याला घरी पाठवला असता. घर कुठलं? हॉटेलातली एक खोली. मी विसरते म्हटल्यावर लोक म्हणतात, वय झालंय, चालायचंच. मला वाटलं, माझ्या नावावर शेवटच्या प्रयोगापर्यंत निभेल.” त्यांनी चहा ढवळला. “तू जरा जास्तच टापटीप निघालीस, पोरी.”

“त्याला माहीत आहे?”

“सकाळी असतं.”

मी विचारलं — विचारायलाच हवं होतं — “हजार लोकांसमोर त्याला असं उभं करणं, ते बरं आहे का? एखाद्या दिवशी तुम्हालाही जमलं नाही तर?”

“मग त्या दिवशी पडदा पाड. आजवर जमलंय ना? तूच मोजलंयस. किती वेळा जमलं?”

“सत्तावीस.”

“बघ.” त्यांना थोडा गर्वच झाला. मग कप खाली ठेवला. “काल त्याने फोन केला होता. म्हणाला, नोरा, आज तू आलीच नाहीस, मी किती थांबलो. मी म्हटलं, ट्रॅफिक होता.”

तेव्हा त्यांचा आवाज तुटला. अख्ख्या जन्मात मी त्यांचा तुटलेला आवाज ऐकला नव्हता. रंगमंचावर ऐकला होता. तो याहून चांगला असतो.

“मला ते काम परत हवंय, डेला. त्याच्यासाठी म्हणत होते एवढा वेळ. तसं नाही. यानंतर मला कोणी बोलावणार नाही, हे मला समजतं. हे माझं शेवटचं आहे आणि ते मला पुरं करायचंय. तू उद्या काय लिहिणार?”

“माहीत नाही.”

“घाबरलीस?”

“हो.”

“मीही,” त्या म्हणाल्या. “रोज. त्याच्या प्रत्येक वाक्याआधी.”

घरी आले. टाइपरायटरमध्ये कागद घातला. अँब्रोजचं नाव लिहिलं, फाडला. ते खरं आहे, आणि त्याने दोघंही जातात. लोइसचं नाव लिहिलं, अर्ध्यावर थांबले. ते खोटं आहे आणि नीच आहे. काहीच लिहू नये? मग बर्नी तिलाच धरेल; तेही लोइसचंच नाव लिहिणं झालं. शेगडीची बटणं अजून कपाटात आहेत, त्याच पिशवीत. तिथे मी बरोबर होते. डॉक्टर बरोबर होते. सगळे बरोबर होतो.

चार वाजता बसले होते. आता सहा. कागद कोरा.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी नऊला रिपोर्ट दिला. त्याची प्रत:

‘रविवार, १९ फेब्रुवारी, दुपार. दुसरा अंक, पान ४१. मि. केली यांनी घेतलेली स्तब्धता मला विस्मरण वाटली. मी घाबरले आणि चालू प्रयोगात पडदा पाडला. मिस हॅगर्टी यांचा शब्दही चुकलेला नाही. मिस टास्कर यांच्याविषयीच्या माझ्या आधीच्या सत्तावीस नोंदी याच भीतीतून झाल्या. त्या ग्राह्य धरू नयेत. चूक स्टेज मॅनेजरची. — डी. कोवालचिक.’

बर्नीने दोनदा वाचला. “हे खरं आहे?”

मी ‘हो’ म्हटलं.

दुपारी त्याचा फोन. मिस टास्कर आज संध्याकाळपासून परत. मी येऊ नये. माझ्या टेबलावर दुसरं कोणी बसेल.